नणंदेचा इंग्रजीचा तास

मला माझी नणंद आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. तिलाही मी आवडत नाही. माझं लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकींना पाण्यात पाहतो, आणि या कामात दोघींपैकी एकीनेही कधी कुचराई केलेली नाही.

सुरुवात वरणापासून झाली. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी स्वयंपाक केला तेव्हा पाहुण्यांची पंगत बसली होती. नणंदेने पहिला घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि शेवटच्या पाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बार्शीटाकळीकडे मीठ मिळत नाही काय वं?" पंगत हसली. सासरेबुवासुद्धा हसले. बार्शीटाकळी हे माझं माहेर, अकोल्याच्या बाजूचं, सासर अमरावतीचं. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडी 'बार्शीटाकळीवाली' झाले. वहिनी नाही, नाव नाही, नुसती बार्शीटाकळीवाली. मीठ मी घातलं होतं. तेव्हाही हेच सांगितलं, आजही हेच सांगते. ऐकून कोण घेतं?

उलट तोंड देता आलं नाही. ती नवऱ्याची मोठी बहीण. तिला 'ताई' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं, आली की पाया पडायचं, गेली की ओटी भरायची. 'तुम्ही' म्हणून कोणी धड भांडू शकतं का? जीभ अर्ध्यात अडखळते. मी पुष्कळदा प्रयत्न केला. दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढला.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. राहते अकोल्याला. आणि देवाचा न्याय पाहा, बदली होत होत तिची शेवटची नेमणूक झाली ती बार्शीटाकळीच्या पलीकडल्या एका खेड्यात, म्हणजे माझ्याच माहेरच्या मुलखात. मी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बारावीची पोरं मला घाबरतात. माझ्या घरात मला घाबरणारं कोणी नाही.

दर उन्हाळ्यात ती माहेरपणाला येते. तिचं माहेर म्हणजे माझं घर. माहेरवाशिणीने हात ओला करायचा नसतो, असा आमच्याकडे रिवाज आहे. तिने दिवाणावर बसायचं, कूलर तिच्याकडे तोंड करून ठेवायचा, रस काढायचा तो तिच्या आवडीच्या आंब्यांचा. भावजयीने वाढायचं. मागच्या वर्षी मे महिन्यात ती आली, रस-पोळी चेपून जेवली, आणि तोंड पुसून भावाला म्हणाली, "भाऊ, हिले सांग, मले इंग्रजी शिकवजो म्हना."

मी समोरच बसले होते. नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "ताई, ती इथंच आहे."

"माहीत हाय. पन तू सांग."

मी म्हटलं, "सुट्टीत मी शिकवण्या घेत नाही. आंबे किती काढू तेवढं सांगा."

मग कारण निघालं. तिच्या शाळेच्या खेड्यात कॉन्व्हेंटची गाडी यायला लागली होती. पिवळी गाडी, टाय लावलेली पोरं, आणि दारोदार फिरणारा त्या कॉन्व्हेंटचा संचालक. टिनाच्या शेडात शाळा काढलेली, पण बोर्ड असा की वाटावं विलायतच बार्शीटाकळीला येऊन बसली. एकेक करून पोरं तिकडे निघाली होती. नणंदेच्या शाळेचा पट इतका उतरला की आणखी थोडी पोरं गेली तर शाळा बंद करून नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेत मिळवणार, असं वरून सांगितलं होतं. गावातले बाप म्हणत होते, बाई, तुमाले इंग्रजी येते का ते आमाले दाखवा, मंग पोरं ठेवू. जून महिन्यात शाळा उघडताना पालकसभा होती, आणि त्या सभेत तिने इंग्रजीत बोलून दाखवायचं होतं.

"मग होऊ द्या बंद," मी म्हटलं. "तुमची बदली होईल दुसरीकडे. तुमचं काय बिघडतं?"

हे मी मुद्दाम झोंबावं म्हणूनच बोलले. तिने मोबाईल काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. त्यात तिसरीतल्या एका पोरीचा व्हिडिओ होता. दोन वेण्या, एक सुटलेली, काखेत कोंबडी. पोरगी बोलत होती, बोलत होती, दमच घेत नव्हती. कोंबडी खुडूक का बसते, मास्तरणीला गणित का येत नाही, आभाळ निळं काहून, नाल्यात मासे कुठून येतात. प्रत्येक वाक्यात एक 'काहून'. शेवटी कोंबडी उडाली आणि पोरगी तिच्यामागे पळाली.

"ईचा बाप म्हनते, गाडीचे पैसे पोरासाठी हायेत, पोरीसाठी नाहीत," नणंद म्हणाली. "शाळा बंद झाली तं नाला ओलांडून पोरीले धाडनार नाही. घरी बसन. लहान्या भावाले सांभाळन."

मला माहीत होता तो नाला. तसाच नाला माझ्या आत्याच्या गावाला होता, आणि चौथीनंतर तिथल्या पोरी कुठे गेल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मला संताप आला. नणंदेचा नव्हे. त्या बापाचा, त्या पिवळ्या गाडीचा, आणि माझ्या इंग्रजीचासुद्धा, जिच्या नावाखाली हा सगळा बाजार चालला होता. पण राग काढायला समोर नणंदच होती.

"उद्यापासून जेवण झाल्यावर तास," मी म्हटलं. "झोपायचं नाही. आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं."

"पाह्यजो बाप्पा, आवाज चढवून बोलून राहिली," ती भावाला म्हणाली.

तास असा चालायचा: शिष्या दिवाणावर तक्क्याला टेकून, गुरू खाली फरशीवर रसासाठी आंबे पिळत. मधेच शिष्येने म्हणायचं, "पानी दे," आणि गुरूने उठून माठातलं पाणी आणून द्यायचं. असा अपमान अख्ख्या महाराष्ट्रात कोणत्या इंग्रजीच्या प्राध्यापिकेचा झाला नसेल. बरं, ती काही शाळकरी पोर नव्हती की छडी दाखवावी. मग मी छडीच्या जागी उदाहरणं वापरायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी 'अ' आणि 'द'. हे दोन शब्द मराठी माणसाचा जीव खातात, कारण आपल्याकडे तसलं काही नाही आणि नसल्यामुळे आपलं काही अडतही नाही. पुस्तकात नियमांची जंत्री असते. ती पाठ करून माझी बारावीची पोरंही चुकतात. मी तिला म्हटलं, "ऐकणाऱ्याला ठाऊक नाही कोणती, तेव्हा 'अ'. ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे कोणती, तेव्हा 'द'. 'अ नणंद' आली म्हटलं तर शेजारीण विचारेल, कोणाची? 'द नणंद' आली म्हटलं की अख्खी गल्ली म्हणेल, अरेरे."

तिने डोळे बारीक केले. थोडा वेळ छताकडे पाहत पुटपुटली. मग सावकाश, एकेक शब्द दाताखाली चावत म्हणाली, "माय सिस्टर-इन-लॉ डझ नॉट पुट सॉल्ट इन द दाल."

"'द' कशाला?" मी विचारलं, कारण विचारणं भाग होतं.

"कोनती दाल ते साऱ्याइले माहीत हाय म्हनून."

वाक्य बरोबर होतं. 'डझ'सुद्धा बरोबर होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मला 'बरोबर' म्हणावं लागलं. नवरा पेपराआड खोकला. तो खोकला नव्हता हे मला चांगलं ठाऊक आहे.

दुसरी आडवी आलेली गोष्ट म्हणजे आमची बोली. आमच्या वऱ्हाडात माणूस नुसतं करत नाही, 'करून राहतो'. जेवून राहिलो, येऊन राहिलो, समजून राहिलं. त्यामुळे आमची माणसं इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला शेपूट लावतात: आय अ‍ॅम नोइंग, आय अ‍ॅम वाँटिंग. पुण्याकडचे लोक त्याला हसतात. हसोत. मला त्या शेपटाचा फायदाच दिसतो, कारण 'आय अ‍ॅम ईटिंग' शिकवायला पुण्याच्या पोरांना अर्धा तास लागतो, आमच्या पोराला 'मी जेवून राहिलो' म्हटलं की कळतं. अडचण येते ती मनातल्या क्रियापदांशी. जाणणं, वाटणं, आवडणं. यांना ते शेपूट चालत नाही.

"आय अ‍ॅम हेटिंग यू," नणंद म्हणाली. उदाहरण तिनेच निवडलं होतं.

"चूक. आय हेट यू."

"काहून? मी आता करून राहिली ना. आत्ता. ह्या घडीले."

"आत्ता सुरू करून मग थांबवायची ती गोष्ट असेल तर शेपूट," मी सांगितलं. "जेवणं, झोपणं, दुसऱ्याचे आंबे खाणं. द्वेष काय तुम्ही जेवणानंतर थांबवता का? तो चोवीस तास चालूच आहे. म्हणून नुसतं हेट."

हे तिला जे पटलं ते जन्मात कधी विसरणार नाही असं पटलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, माझ्याकडे बघूनच.

मग एकदा तिने मला भलत्याच ठिकाणी पकडलं. आम्ही प्रश्न-उत्तरं करत होतो. मी विचारत होते, ती सांगत होती. एकाएकी ती थांबली. "हे 'यू' म्हंजे तू की तुमी?"

"दोन्ही. इंग्रजीत वेगळं नसतं."

"मंग तू मले कोनतं म्हनून राहिली?"

मी आंब्याची कोय चोखत होते. खरं उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून मी 'यू' म्हणताना मनातल्या मनात चक्क 'तू' म्हणत होते, आणि त्यात मला जे सुख मिळत होतं ते नोकरीत बढती मिळूनही मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही असं."

"खोटी हायेस," ती म्हणाली. पण तिला ते आवडलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तीही मला 'यू' म्हणताना जरा जास्तच जोर लावायला लागली.

'सिन्स' आणि 'फॉर' आम्ही असेच उरकले. सिन्स म्हणजे भांडण कुठून सुरू झालं, फॉर म्हणजे किती काळ चाललंय. सिन्स माय मॅरेज. फॉर मेनी इयर्स. एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. यू हॅव बीन टेलिंग लाइज सिन्स युअर मॅरेज, असं ती म्हणाली, आणि मी 'शाब्बास' म्हटलं, कारण दुसरा इलाज नव्हता. एक मात्र तिला काही केल्या जमलं नाही: प्रश्न विचारणं. 'व्हाय यू डोन्ट' की 'व्हाय डोन्ट यू', शेवटपर्यंत गोंधळ. मला त्याचं नवल वाटलं नाही. या बाईने आयुष्यात कधी कोणाला काही विचारलेलं नाही. ती सांगते.

सभेसाठी मी तिला भाषण लिहून दिलं. आदरणीय सरपंच, प्रिय पालकहो, आमच्या शाळेची इमारत, आमची परंपरा. ती ते घोकून घोकून पाठ करत होती. माझ्या मते ते चांगलं भाषण होतं. जाताना तिने पाया पडून घेतलं, ओटी घेतली, आंब्यांची पेटी घेतली आणि म्हणाली, "सभेले तू येऊ नको. तू दिसली का माहं डोस्कं फिरते."

"माझ्या माहेरच्या मुलखात यायला मला तुमची परवानगी लागते का?" हे मी मनात म्हटलं. आणि गेले.

जून संपत आला होता. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. मी बायांच्या मागे, खांबाला टेकून बसले. पुढे चटईवर ती कोंबडीवाली पोरगी; वेणी आजही एक सुटलेली. तिचा बाप पुरुषांत, मिशीला पीळ देत. कडुनिंबाखाली पिवळी गाडी उभी, आणि तो संचालक खुर्चीवर, खिशात गॉगल अडकवून. त्याला कोणी बोलावलं होतं देव जाणे. त्याने टाय लावलेली दोन पोरं आणली होती. पोरांनी कमरेवर हात ठेवून इंग्रजीत कविता म्हटली, मग आपलं नाव, बापाचं नाव, गाव, आवडता प्राणी, सारं एका दमात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. घरी पाहुणे आले की पोराला पुढे ओढून 'पोएम म्हणून दाखव' म्हणतात ना, तोच तमाशा होता. पण बापांचे चेहरे फुलले होते.

मग नणंद उठली. नवी साडी, हातात कागद नाही. रिस्पेक्टेड सरपंच. डिअर पेरेंट्स. अवर स्कूल इज. आणि थांबली.

पुढचं आठवेना. मी डोळ्यांनी पाहत होते, तिच्या कपाळावर घाम आला. कोणीतरी खाकरलं. संचालक खुर्चीत मागे रेलला आणि हसत म्हणाला, "टेक युअर टाइम, मॅडम. नो हरी." दोन-तीन बाप हसले. कोंबडीवालीच्या बापाने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

आणि मी मागून, जन्माची खोड, मोठ्याने पुढचं वाक्य सांगितलं. वर्गात पोरगं अडलं की सांगते तसं, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

सगळ्या माना वळल्या. नणंदेचीही. तिने मला पाहिलं, आणि तिच्या तोंडावर तेच भाव आले जे त्या दिवशी पंगतीत वरणाचा घास घेतल्यावर आले होते.

"यू सिट डाउन!" ती गरजली.

"आय अ‍ॅम सिटिंग," मी म्हटलं. खरंच बसलेले होते.

"डोन्ट टीच मी हिअर! यू हॅव बीन टीचिंग मी सिन्स मे! एव्हरी डे टीचिंग! अँड यू डोन्ट पुट सॉल्ट इन द दाल!"

माझ्या माहेरच्या मुलखात! माझ्या मावशीच्या जावा जिथे बसल्या होत्या तिथे! मी उठून उभी राहिले. शपथेवर सांगते, मला त्या घडीला शाळा आठवत नव्हती, पट आठवत नव्हता, काहीच आठवत नव्हतं.

"आय पुट सॉल्ट! आय टोल्ड यू दॅट डे! यू नेव्हर लिसन!"

"आय हॅव अ टंग! माय टंग नोज!"

"युअर टंग नोज ओन्ली टू इन्सल्ट! यू सिट ऑन द दिवाण लाइक अ क्वीन अँड यू ईट माय मँगोज!"

"माय ब्रदर्स मँगोज!"

"हू कट्स देम? युअर ब्रदर? ही हाइड्स बिहाइंड द न्यूजपेपर!"

"डोन्ट टॉक अबाउट माय ब्रदर!"

ती पायरी उतरून खाली आली होती. मी बायांच्या मधून वाट काढत पुढे गेले होते. इतक्या वर्षांत मी तिला एक शब्द उलट बोलले नव्हते, आणि आता शब्द असे सुटले की मलाच आवरेनात. 'तुम्ही' आड येत नव्हतं, 'ताई' आड येत नव्हतं. नुसतं यू. यू, यू, यू. आणि तीही कमी नव्हती. चुकत होती, मिनिटाला दोन चुका, पण थांबत नव्हती. संचालक खुर्चीतून उठला, हात पसरून म्हणाला, "लेडीज, लेडीज, प्लीज..."

"यू कीप क्वाएट!" नणंद त्याच्यावर फिरली. "धिस इज फॅमिली मॅटर!"

"यस!" मी म्हटलं. "यू सिट!"

तो बसला.

तेव्हा कुठे मला जाणवलं की आपण भर सभेत उभ्या आहोत. सारं गाव आमच्याकडे बघत होतं. माझे कान तापले. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. शाळाही गेली आणि अब्रूही गेली.

बायांतली एक म्हातारी, तंबाखूची चिमूट दाढेत सरकवत, शांतपणे म्हणाली, "ह्या बाईले इंग्रजी येते."

"कायवरून वं माय?" कोणीतरी विचारलं.

"भांडून राहिली ना. पाठ करून कोनी भांडते काय?"

कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. पुरुषांतला एक उठून संचालकाला म्हणाला, "सर, तुमीबी उलिसक भांडा ना बाईसंगं. आमी पाहतो." संचालक म्हणाला, आमच्याकडे शिस्त असते, आम्ही असलं शिकवत नाही. "नाही, पन येते का ते दाखवा ना," तो माणूस हटेना. संचालकाने घड्याळ पाहिलं, टायवाल्या पोरांना गाडीत घातलं आणि धूळ उडवत गेला.

सगळी पोरं परत आली असं नाही. पिवळी गाडी अजून येते, तिच्या खिडकीत अजून टाय दिसतात. पण जेवढी जायला निघाली होती तेवढी राहिली, आणि पट तगला. कोंबडीवालीच्या बापाने त्याच दिवशी सांगितलं, चौथीले हितंच ठेवतो. त्या तंबाखूवाल्या म्हातारीच्या तोंडात साखर पडो.

नणंदेने माझे आभार मानले का? वेडे की काय! अकोल्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसली आणि ओळखीच्या बाईला सांगत होती, "म्या मुद्दामच भांडन काढलं. लोकाइले काय पाह्यजे ते मले समजते." मी मागच्या सीटवर, खिडकीबाहेर तोंड करून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, यापुढे तुझी बहीण आली तर रस तू काढ. तो 'हो' म्हणाला आणि पेपर उघडला.

जानेवारीत मी हुरड्याला माहेरी गेले होते. नवऱ्याच्या फोनवर हुकूम आला: "बार्शीटाकळीवाली इकडं आली असन तं शाळेत चक्कर मारजो म्हना." मी जाणार नव्हते. मग वाटलं, जाऊन बघावं, शाळा जागेवर आहे की नाही.

आवारात शिरले तोच वर्गातून आवाज आला. अख्खा वर्ग, एका सुरात:

"माय सिस्टर-इन-लॉ डझ नॉट पुट सॉल्ट इन द दाल!"

मी व्हरांड्यातच थांबले.

"शी हॅज बीन टेलिंग लाइज सिन्स हर मॅरेज!"

"शी हेट्स मी! आय हेट हर!"

"हेटले शेपूट लागते काय?" नणंदेचा आवाज.

"नाहीऽऽ!"

"काहून?"

"चोवीस तास चालू असते म्हनूऽऽन!"

माझं उदाहरण, माझं शेपूट, माझे चोवीस तास. आणि अब्रूही माझीच, माझ्या माहेरच्या पोरांच्या तोंडी, सुरात. मी दार ढकललं. आज काय तो निकाल लावायचाच, या तयारीने आत गेले.

पोरं वळली. नणंदेने खडूचा हात माझ्याकडे केला, आणि लग्नात नवरी दाखवावी अशा थाटात म्हणाली, "चिल्ड्रन, धिस इज द सिस्टर-इन-लॉ."

'द' ठासून म्हणाली. वर्गात "ओऽऽ" असा आवाज झाला. पोरं मान उंच करकरून मला पाहत होती, जत्रेतला पाळणा पाहावा तशी. मी तोंड उघडलं. मराठीत उघडलं, आणि तिथे पुन्हा ते 'ताई' आणि 'तुम्ही' आडवं येऊन बसलं.

तेवढ्यात ती कोंबडीवाली उठली. दोन्ही वेण्या नीट बांधलेल्या होत्या. तिने एकदा मास्तरणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवून आतल्या आत काहीतरी जुळवलं, आणि विचारलं:

"मॅडम, व्हाय डोन्ट यू पुट सॉल्ट?"

हा प्रश्न फळ्यावर नव्हता. नणंदेने शिकवणं शक्यच नव्हतं, तिला स्वतःला सारा मे महिना एक प्रश्न धड विचारता आला नव्हता. पोरीने तो स्वतःच्या डोक्यात, उभ्या उभ्या बनवला होता, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोचायला नव्हे, हसायला नव्हे. आणि माझ्या एकदम ध्यानात आलं की त्या पंगतीपासून आजपर्यंत त्या वरणाबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

मी नणंदेकडे पाहिलं. प्रश्न पोरीचा स्वतःचा आहे हे तिनेही ओळखलं होतं. तिचे डोळे पोरीवर होते आणि ओठ तोच प्रश्न पुन्हा जुळवून पाहत होते. मग माझं लक्ष आहे हे दिसताच तिने नाक वर केलं, खडू ठेवला आणि खुर्चीत टेकून बसली, माझ्या दिवाणावर बसते तशी.

"पाहून काय राहिली?" ती म्हणाली. "उत्तर दे तिले. पूर्न वाक्यात."